कडी कुठल्या बाजूला?

अहो,

ही हाक आता कुणाला मारायची, हे मला कुणी सांगितलं नाही. भेटायला आलेल्यांनी बाकी सगळं सांगितलं. सर्टिफिकेटच्या जास्तीच्या कॉप्या घेऊन ठेवा, गाडी नावावर करून घ्या, रात्री दूध पीत जा. कॅरी गावातली आपली मराठी मंडळी फॉइलच्या ट्रेमधून मसालेभात आणि बटाट्याची भाजी आणत राहिली, तेराव्यापर्यंत मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. मग मंडळी गेली आणि ट्रे उरले. ते मी धुऊन एकात एक घालून ठेवलेत. आता घरात मी आहे आणि मागे तुमची भिंत आहे.

तुमची म्हणते, कारण आपल्या संसारात इतकी वर्षं तिसरं माणूस असल्यासारखी ती होती. परसाच्या शेवटी विटांची, माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकी उंच, आपल्या गल्लीतल्या सगळ्या घरांच्या मागून सरळ गेलेली. पलीकडे काळ्या लोकांची वस्ती. आपल्या बाजूचे लोक तिला नुसतं 'बॉटम' म्हणतात. घर दाखवताना एजंट बाईनं भिंतीकडे हात करून 'प्रायव्हसी' म्हटलं होतं. तुम्ही जन्माने नगरचे, वेशींच्या गावातले. विटांवर हात फिरवून तुम्ही मला मराठीत म्हणालात, "कुमुद, हे गावकूस आहे. दुसरं काही नाही." बाईनं विचारलं, ते काय म्हणाले? मी सांगितलं, त्यांना विटा आवडल्या.

तरी घर घेतलंच आपण. गोरे लोक तेव्हा ही जुनी घरं सोडून बाहेर नव्या वसाहतींत चालले होते, म्हणून आपल्याला ते परवडलं. आपण काळे नाही आणि गोरेही नाही, तेव्हा आपल्याला कुठे बसवायचं हे गल्लीला कळेना, आणि न कळल्यामुळे गल्ली आपल्याशी चांगली वागली. पुढे निघून गेलेल्यांचीच मुलं रंगाचे डबे घेऊन परत आली आणि गल्लीचा हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट झाला. खांबांवर हिरव्या पाट्या लागल्या. खिडकीची चौकट बदलायची, पुढच्या दाराला वेगळा रंग द्यायचा, तरी कमिशनला, म्हणजे जुनी घरं जपणाऱ्या समितीला, विचारायचं. तुम्ही त्याला यांचं सोवळं म्हणायचात. डिस्ट्रिक्टची हद्द भिंतीपर्यंत येऊन थांबली. पलीकडची घरं तितकीच जुनी, विटाही त्याच भट्टीच्या, असं तुम्ही शपथेवर सांगायचात. पण तिकडे पाटी नाही. तिकडे एक अख्खी रांग पाडून पार्किंग केलं, आणि त्यासाठी कुणाला कुणाची परवानगी लागली नाही.

तुम्ही आयुष्यभर कंपनीत औषधाच्या गोळ्यांना साखरेचं कोटिंग दिलंत. बोलण्याला मात्र कधी दिलं नाहीत. कमिशनच्या पहिल्याच मीटिंगमध्ये तुम्ही उभं राहून विचारलं होतं, की इतिहास भिंतीच्या मध्यावर संपतो का. घरी येताना मी गाडीत तुमच्याशी बोलले नव्हते. राग आला होता असं नाही. त्या खोलीत आपल्याकडे वळलेल्या चेहऱ्यांची भीती वाटली होती, आणि तुम्हाला ती वाटली नाही याचा हेवा.

पलीकडच्या ओडेसाबाईंची आणि आपली ओळख झाली ती आवाजाने. चेहरा पुष्कळ नंतर दिसला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "अहो, चहा झालाय!" तुम्ही मागे दोडक्याच्या वेलाशी काहीतरी करत असायचात. तिथून म्हणायचात, "आलो, आलो!" आणि यायचा नाहीत. मी पुन्हा ओरडायची, तुम्ही पुन्हा आलो म्हणायचात. एक दिवस भिंतीच्या पलीकडून एक जाडसर, शांत आवाज आला, "मिस्टर अहो, तुमची बायको केव्हाची हाका मारतेय. जा बरं आता."

मी खिडकीत लाजले आणि तुम्ही वेलात हसत बसलात. खुलासा मी केला नाही. नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून अहो म्हणतात, हे भिंतीवरून इंग्लिशमध्ये कसं सांगायचं? तुम्हीही केला नाहीत. ऑफिसात क्षीरसागरचं 'मिस्टर के' झालं होतं. तुम्ही म्हणायचात, या देशात माझ्या नावाचा उच्चार नीट करणारं हे एकच माणूस आहे, तिला कशाला दुरुस्त करू?

नंतर एकदा तिनं तुम्हाला आलोचा अर्थ विचारला होता. मी भांडी घासत ऐकत होते.

"म्हणजे मी आलेलो आहे," तुम्ही म्हणालात.

"पण तुम्ही आलेले नसता."

"आमच्या भाषेत निघायच्या आधीच आलो म्हणतात."

ती इतकी हसली की तिला खोकला लागला. मग म्हणाली, "आमच्या चर्चचे पाद्री असंच बोलतात."

त्या दिवसापासून तुमची मैत्री झाली. तिची भेंडी भिंतीवरून इकडे यायची, तुमचे दोडके तिकडे जायचे. दोडक्याचं काय करायचं हे तिला शेवटपर्यंत कळलं नसावं. तुम्ही मला नेहमी सांगायचात, आपण तिला रीतसर घरी बोलावलं पाहिजे. बोलावलंही आपण. पण आपल्या दाराशी यायचं तर तिला आधी खाली उतरून रेल्वेच्या पुलाखालून मोठ्या रस्त्याला लागायचं, मग चढ चढून आपल्या गल्लीत. तिच्या गुडघ्यांना तो अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. आणि तिला दवाखान्यात जायची बस मिळते ती आपल्या गल्लीच्या तोंडाशी. भिंतीतून सरळ आली असती तर वरणाला फोडणी देऊन होईतो पोचली असती.

मग एका सकाळी वेलाला आधार बांधताना तुम्हाला भिंतीत दार दिसलं. दार नव्हतं, दाराची जागा होती. तेवढ्या भागातल्या विटांचा रंग जरा निराळा, चुनाही निराळा, दाराच्या मापाचा. तुम्ही तिथूनच हाक मारून विचारलंत. ती म्हणाली, "ते दारच आहे, मिस्टर अहो. मी परकरात होते तेव्हापासून त्यातून रोज सकाळी तुमच्या घरात स्वयंपाकाला येत होते. तुमच्या आधीच्या आधी होते ना, त्यांच्याकडे. आम्हाला वेगळं ठेवणारा कायदा बदलला त्या उन्हाळ्यात त्यांनी ते बुजवलं. तेव्हा कुठे आम्हाला एप्रन न बांधता येता आलं असतं."

(परकर हा माझा शब्द. तिनं दुसरंच काहीतरी म्हटलं होतं. तिचं बोलणं मला मराठीतच आठवतं, त्याला इलाज नाही.)

त्या दिवशी तुम्ही हाक न मारता चहाला आलात. खुर्चीवर बसलात आणि कप तसाच ठेवलात. "कामाला यायला दार होतं अगं," म्हणालात. "कामाशिवाय येतील म्हटल्यावर बुजवलं." मी ज्या ओट्याशी उभी होते त्या ओट्याकडे तुम्ही बघत होतात. मीही बघितलं. तिथे ती उभी राहिलेली असणार, पोळ्यांच्या ऐवजी बिस्किटं लाटत. त्यानंतर कित्येक दिवस ओट्याशी उभं राहिलं की मला वाटायचं, ही जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही भलतेच खूश होतात. कमिशनला सगळं मूळ होतं तसं हवं असतं ना? मग मूळ होतं तसं दार द्या म्हणू. "त्यांच्याच सोवळ्यात पकडतो त्यांना," असं म्हणून तुम्ही टाळी मागितलीत. मी टाळी दिली नाही. मी म्हटलं, "कडी कुठल्या बाजूला होती?"

"म्हणजे?"

"दार म्हटलं की कडी आली. स्वयंपाकीणबाईच्या दाराची कडी आपल्या बाजूला असणार. ज्या कोयंड्याला मी कपड्यांची दोरी बांधते तो कशाचा आहे, वाटलं तुम्हाला? मूळ होतं तसं म्हणाल तर तीच कडी परत लावतील."

"आधी दार तर होऊ दे. कडीचं मग बघू."

"मग भिंतच पाडा ना सगळी."

"भिंत पाडली तर उद्या म्हणतील इथे काही नव्हतंच. भिंत दिसली पाहिजे, आणि तिच्यातून जाता आलं पाहिजे."

हे भांडण आपण सगळा हिवाळा पुरवलं. भांडी पुसताना, बर्फ ओढताना, कॅरीला भिशीला जाताना. एकदा कॅरीचे तुमचे मित्र पाटणकर, त्यांची गाडी बंद पडली म्हणून, आपल्या गाडीत मागे बसले होते. ते म्हणाले, "यार, तुम्ही कशाला यात पडता? उद्या घर विकायचं झालं तर रिसेलला प्रॉब्लेम येईल." तेव्हा आपण दोघांनी मिळून त्यांना असं काही फाडलं, की पुढे कॅरीपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते. ते खाली उतरल्यावर आपण पुन्हा कडीवर आलो. खरं सांगू? मला ते भांडण संपायला नको होतं. मुलगी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला गेल्यापासून आपल्याला इतकं बोलायला काही मिळालंच नव्हतं.

मग ती सकाळ. हॉस्पिटलात नुसत्या टेस्ट होत्या, संध्याकाळी घरी येणार होतात. पाटणकर न्यायला आले होते. तुम्ही बूट घालता घालता म्हणालात, "कडीचा मी विचार केलाय. तुझं म्हणणं अगदीच काही हे नाही. आल्यावर सांगतो." मी म्हटलं आत्ताच सांगा. तुम्ही म्हणालात, मोठं आहे, निवांत सांगतो. मग "येतो" म्हणून गेलात.

त्यावर मी अजून चिडलेली आहे. लोकांना वाटतं मी रडते. रडतेच, पण त्यातलं निम्मं रडू रागाचं आहे. काय विचार केला होतात? कडीच नको, असं ठरवलं होतंत? की दोन्ही बाजूंना एकेक? की माझी समजूत काढण्यासाठी काहीतरी मधलं, तुमच्या सवयीप्रमाणे? मी रोज तुमच्या वतीने एक उत्तर तयार करते आणि ते खोडून काढते. हे असं एकटीनं दोन्ही बाजूंनी भांडण्यात काही अर्थ नाही हो. तुमची बाजू मला तुमच्यासारखी मांडता येत नाही, आणि माझी बाजू ऐकायला कुणी नाही.

दारासाठी अर्ज करून कमिशनची तारीख तुम्ही घेऊन ठेवली होतीत. मुलीनं फोनवर सांगितलं, "आई, जस्ट विड्रॉ इट. सेल द हाउस अँड कम हिअर." मी मराठीत विचारलं, तिथे मी दिवसभर काय करू? ती म्हणाली, "व्हॉट डू यू डू देअर?" मी नुसतं म्हटलं, तारीख होऊन जाऊ दे, मग बघू. तुमच्यासारखंच बोलले.

मला गाडी चालवता येत नाही, म्हणून मीटिंगच्या दिवशी पाटणकर कॅरीहून मुद्दाम न्यायला आले. ओडेसाबाई चर्चच्या कुणाच्या तरी गाडीने आल्या होत्या, डोक्याला जांभळी हॅट. आपल्या गल्लीतले लोक पुढे बसले होते, त्या मागे बसल्या, म्हणून मीही मागे जाऊन बसले. पाटणकर आमच्या मध्ये अवघडून बसले.

अहो, ते लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. अध्यक्षबाईंनी सुरुवातीलाच तुमच्यासाठी सगळ्यांना घटकाभर उभं केलं. तुम्ही काढलेले विटांचे फोटो हातोहात फिरले. दार खरंच होतं, आणि गल्ली ज्या काळासाठी जपतात त्याच काळातलं होतं, हे सगळ्यांनी मान्य केलं. मी तुमच्या वतीने मनातल्या मनात टाळी द्यायला हात उचलत होते. तेवढ्यात बाई म्हणाल्या, दार मूळ होतं तसंच करायचं. लाकूड तसंच, उंची तशीच, आणि कोयंडा शाबूत आहे तेव्हा कडी त्याच जागी. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ते सोयीचं पडेल.

"कडी?" मी ओरडले. मराठीत. सगळे वळले. मग मी इंग्लिशमध्ये विचारलं, "ती उघडायची कुणी?"

"तुम्हीच," त्या प्रेमाने म्हणाल्या. "तुमचंच आवार आहे. तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा."

म्हणजे ओडेसाबाईंनी दवाखान्याच्या दिवशी पलीकडे उभं राहून ठोठवायचं, आणि मी आत असले, जागी असले, मला योग्य वाटलं, तर काढायची. मी मेले, किंवा सनीव्हेलला गेले, की पुढचा मालक ठरवणार. मी म्हटलं, "ज्यांनी त्या दारातून ये-जा केली त्या इथे बसल्या आहेत. त्यांना कुणी विचारलंय का?"

ओडेसाबाई उठल्या. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश उठल्या आणि म्हणाल्या, "कडी माझ्या बाजूला लावा."

काही जण हसले. त्या हसल्या नाहीत. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि अगदी हळू आवाजात, समजावल्यासारखं म्हणाल्या, "मॅम, तुमची बाजू डिस्ट्रिक्टमध्ये येत नाही. तिकडे काय लावायचं, हे आम्ही ठरवू शकत नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. हद्द भिंतीच्या मध्यावरून जाते, हे तुम्हीच त्यांना पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं होतंत. मी म्हटलं, मग कडीशिवाय दार द्या. ते मूळ होणार नाही, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कडीचं दार आम्हाला नको. 'आम्हाला' असंच म्हटलं मी. कुणाकुणाच्या वतीने म्हटलं ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. विषय पुढच्या हंगामावर ढकलला. लोक माझा हात दाबून घरी गेले.

परतताना पाटणकर म्हणाले, "वहिनी, रागावू नका. पण मिळत होतं ते घ्यायचं होतं. कडी तुम्ही रोज उघडीच ठेवली असती की." तेच तर मला खात आहे. दार झालं असतं. तुमचं दार. या वसंतात झालं असतं. तुम्ही हो म्हणाला असतात का? आधी दार होऊ दे, कडीचं मग बघू, हे तुमचेच शब्द. की त्या सकाळी बूट घालताना तुम्ही माझ्या बाजूला आला होतात? तसं असेल तर मी तुमची इच्छा पाळली. नसेल तर मी ती मोडली. यातलं काय ते मला या जन्मात कळणार नाही, आणि कळत नसताना या घरात राहायचं आहे.

ओडेसाबाईंशी मी तिथे नीट बोललेही नाही. त्यांचा फायदा घालवला की मान राखला, हे विचारायचं धैर्य झालं नाही. त्या हॅट सावरत गाडीत बसल्या आणि हात हलवला.

काल दुपारी मी चहा टाकला. दोन कपांचाच टाकला जातो अजून. खिडकी उघडी होती, दोडक्याचा वेल या वर्षी लावलाच नाही म्हणून भिंत पुरती दिसत होती, तिच्यातलं ते निराळ्या रंगाचं दारही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, चहा झालाय!"

मी सिंकला धरून उभी राहिले. काय केलं हे कळायला मला थोडा वेळ लागला. परस रिकामं होतं. आपल्या गल्लीत, या सबंध शहरात, त्या वाक्याचा अर्थ कळणारं कुणी नव्हतं. इतकं एकटं मला स्मशानातून आल्यावरही वाटलं नव्हतं.

मग भिंतीपलीकडून आवाज आला, "आलो, आलो!"

तोच जाडसर, शांत आवाज. इतकी वर्षं ऐकून पाठ झालेलं. बाईमाणसानं आले म्हणायचं असतं, हे तिला कोण सांगणार? तिनं ते तुमच्याकडून उचललं, तुमच्यासारखंच दोनदा म्हटलं, आणि तुमच्यासारखंच निघायच्या आधी म्हटलं. मी रडत रडत हसले. मला ती दिसत नव्हती. तिच्या फाटकाचा आवाज आला, आणि मग पावलं माझ्यापासून लांब, उतारावरून पुलाकडे जाताना ऐकू आली. माझ्याकडे यायचं तर तिला तिकडूनच जावं लागतं.

मी ताट काढलं, चकल्या काढल्या. कडीबद्दल तिला काय वाटतं, ते आज विचारायचंच, असं ठरवलं. पुढच्या दाराची साखळी काढली, वरची कडी काढली, दार सताड उघडलं आणि पायरीवर जाऊन बसले. आत चहा गार होत होता. होऊ दे म्हटलं. आलो म्हटल्यापासून माणूस यायला किती वेळ लागतो, याची मला सवय आहे.